आतलं लाल

९ जुलै, मंगळवार

नेओमीला उद्या सांगायचं आहे. त्याआधी जे झालं ते क्रमाने.

१. गेल्या गुरुवारी सेत्सुकोबाई गेल्या. पुढच्या घरात, स्वतःच्या पलंगावर. वय शहाण्णव.
२. रविवारी त्यांची मुलगी नेओमी, म्हणजे आमची घरमालकीण, मागच्या अंगणातल्या आमच्या भाड्याच्या छोट्या घरात, ग्रॅनी फ्लॅटवर, आली आणि एक कापडी पिशवी देऊन गेली. आत जुबान: किमोनोच्या आत घालायचा रेशमी झगा. पायघोळ, लाल. सेत्सुकोबाईंनी लग्न करून इकडे येताना जपानहून आणलेला. जाताना अंगावर हाच हवा, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. वरून राखाडी किमोनो, आत हा.
३. काम एवढंच: गळपट्टी सुटली होती, डाव्या बाहीची शिवण उसवली होती. मी शिवून द्यायचं. अंत्यविधी १९ला, शुक्रवारी. कपडे आदल्या दिवशी सकाळी अंत्यविधी करणाऱ्या संस्थेच्या माणसांकडे द्यायचे.
४. मी जुबान कपाटात ठेवलं. कपाटावर आईचे देव आहेत.
५. आज मी कामावर असताना आईने ते भिजवलं.
६. रंग गेला.

सहावा मुद्दा अपुरा आहे. आज इतकाच.

आईचं म्हणणं: "मयताच्या घरातलं कापड देवांच्या खाली तसंच ठेवायचं? भिजवलं, पिळलं की मोकळं." भेटायला गेलो तेव्हाचे आमचे कपडे गुरुवारीच भिजले होते. हे राहिलं होतं, एवढंच तिच्या डोक्यात. पावडर जरा जास्त घातली, कारण "तिचं शेवटचं वस्त्र ना, मळकं कसं पाठवायचं?"

आम्हाला सुतक नाही. नातं नाही, कूळ नाही, धर्मसुद्धा नाही. आईने तरी धरलं आहे. पूजा बंद, दिवा बंद. आई इथे आल्यापासून ती आणि सेत्सुकोबाई मागच्या पायरीवर उन्हाला बसायच्या. आई मराठीत बोलायची, त्या जपानीत. मेथी निवडून व्हायची. आई त्यांना सेतूताई म्हणायची. मी दुरुस्त करणं सोडून दिलं होतं.

टबमधलं पाणी अजून ओतलेलं नव्हतं. मी कापड तपासायच्या लॅबमध्ये काम करते; तिथली पीएचची पट्टी बुडवून पाहिली. पीएच दहा. रेशमाला आणि त्या जुन्या रंगाला, दोघांनाही नको तेच.

आई जेवली नाही. मी जेवले.


१० जुलै, बुधवार

कामाला जाण्याआधी नेओमीकडे गेले. मागच्या दाराने. ती भांडी विसळत होती. पाठ केलेलं सगळं सांगितलं, एक ते सहा.

"शी वॉश्ड इट," ती म्हणाली. नळ बंद केला. "मम असती तर तिनेही धुतलंच असतं."

मी भरपाईचं काहीतरी बोलायला लागले. तिने हात वर केला, साबणाचा.

"परत लाल करता येईल?"

"जवळपास."

"जवळपास चालेल, लव्ह. बाकी कशावर तिचा हट्ट नव्हता. फुलं नकोत म्हणाली, गाणी नकोत. फक्त हे. आउटसाइड ग्रे, इनसाइड रेड. इंग्लिशमध्ये सांगितलं, मला नीट कळावं म्हणून."

निघताना दारात थांबवलं. "शार, तुझ्या आईला सांग, मी रागावले नाहीये. पण आता मला येऊन काही सांगू नकोस. जे असेल ते टेक्स्ट कर. या आठवड्यात मला माणसांची तोंडं बघवत नाहीत."

आईला पहिलं वाक्य सांगितलं. पुढची नाही.


११ जुलै, गुरुवार

रविवारी पाहिलं होतं तसं लिहून ठेवते, कारण आता ते तसं नाही.

बाह्या आणि खालचा घेर: लालावर वाहत्या पाण्याच्या पांढऱ्या रेषा, त्यात अर्धवट उघडलेले पंखे. रेषा भाताच्या खळीच्या. रंगवण्याआधी खळीने रेघ ओढतात, तिथे रंग धरत नाही, मग खळ धुऊन टाकतात. हाताचं काम. एका पंख्यावर रेघ थोडी थरथरली होती. पंख्यांभोवती बांधणीसारखे ठिपके, एकेक दोऱ्याने आवळून केलेले. अजून त्यांना बारीक उठाव होता, बोटाला लागायचा.

धड: साधं लाल. नक्षी नाही. तीनचार तुकडे जोडून केलेलं. कारण धड दिसतच नाही. वरच्या किमोनोच्या बाहीतून चार बोटं लाल दिसतं, चालताना पायाशी थोडं. चांगलं कापड तिथे वापरायचं, मधे जे असेल ते.

गळपट्टी: पांढरी, वेगळी, मोठ्या टाक्यांनी नुसती धरलेली. मळली की तेवढीच काढून धुतात. म्हणजे या लोकांनीही अख्खं जुबान असं टबात टाकू नये याची सोय केली होती.

आता: पांढऱ्या रेषा गुलाबी. गळपट्टी गुलाबी. बांधणीचा उठाव सपाट. धड ठिकठिकाणी वेगवेगळं, कुठे वीट, कुठे पेरूचा गुलाबी गर. सोबत भिजलेला आईचा पांढरा परकरही गुलाबी. शेजारच्या कापडाला किती डाग लागला ते मोजायची लॅबमध्ये पाच पायऱ्यांची पट्टी असते. पाच म्हणजे काही नाही, एक म्हणजे सगळं. परकर: एक. त्याखाली पायरी नाही.

आई म्हणाली, "हा परकर मी इथेच टाकून जाते." मग थोड्या वेळाने, "नको, असू दे. नेते."

रविवारी दोरा जुळवायला मी उसवलेल्या शिवणीतून एक धागा काढून ठेवला होता. मूळ लाल आता तेवढंच आहे.


१२ जुलै, शुक्रवार

लॅब. शाळेच्या युनिफॉर्मचे बारा नमुने, सगळे पास.

जेवणाच्या सुट्टीत धाग्याशी लाल जुळवत बसले. प्रीती शेजारच्या बेंचवर. तिला थोडक्यात सांगितलं. ती म्हणाली, "अरे यार, रंग दे वापस. किसको दिखनेवाला है? अंदर का कपडा, ऊपर से कॉफिन." मग माझ्याकडे बघून, "सॉरी. बट यू नो व्हॉट आय मीन."

कळलं. तिचं बरोबरच आहे. तिसऱ्या मिश्रणात लाल जवळपास जुळलं.

ट्रेन उशिरा. घरी आले तर आई पायरीवर बसलेली, अंधारात, एकटी. मेथी नव्हती. काही नव्हतं.


१३ जुलै, शनिवार

ओलं असताना दिसलं नव्हतं. आज पूर्ण वाळलं. दुपारी खिडकीच्या काचेला लावून धरलं, रंग कुठे किती उडालाय ते पाहायला.

धड साधं नाही.

भिरभिरं. डुगडुगी, दोन्ही बाजूंना मणी लोंबणारी. खेळण्यातलं कुत्रं, डोक्यावर टोपली. परत भिरभिरं. पिवळ्या जमिनीवर. पाठीचे दोन मोठे तुकडे याच कापडाचे.

लहान मुलाचं कापड आहे. त्यावर लाल चढवलेलं. लाल गडद होतं तोवर खालचं काही कळत नव्हतं. रविवारी मला तिथे जरा डागाळल्यासारखं वाटलं होतं. घामाचे डाग, म्हणून सोडून दिलं.

मग भोकं. सुईची, जुन्या शिवणीची. पाठीवर आडव्या दोन रांगा, मधे वीतभर पट्टा. दुमड होती तिथे. तिकडच्या लहान मुलांच्या किमोनोला कमरेशी मोठी दुमड घालतात, मूल उंच होईल तशी ती सोडत नेतात. आईला दाखवलं. तिला किमोनोतलं काही माहीत नाही, पण दुमड माहीत आहे. "वाढत्या अंगाचं," ती म्हणाली. माझ्या परकरांना ती असंच करायची. दिवाळीला एक दुमड सुटायची. खालचा नवाकोरा रंग सगळ्यांना दिसायचा, मला लाज वाटायची.

इथे दुमडीच्या आतला पिवळा अजून ठसठशीत आहे. बाहेरचा विटलेला, उन्हाने आणि धुण्याने. लालाखालूनही फरक कळतो. आणि मधे तिसरी रांग नाही. म्हणजे दुमड एकदा घातली. मूल मोठं झालं म्हणून थोडी सोडून परत घातली, असं झालं नाही. कापड विटेपर्यंत वापरलं आणि मग एकदम सगळं उसवलं.

आईने ते हातात घेतलं. नंतर विचारलं, "नेओमीला भाऊ-बहीण?"

"नाही. एकटी."

"हं."

तिने ते घडी घालून ठेवलं. या वेळी देवांच्या खालीच.


१३ जुलै, नंतर

माहीत आहे ते आणि नाही ते वेगळं लिहायला हवं. नाहीतर मी गोष्ट रचत बसेन.

माहीत आहे: कापड मुलाचं. दुमड सोडलेली नाही. नंतर उसवून लाल केलं, मोठ्या बाईच्या मापाच्या जुबानात पाठीला बसवलं. तिथे बसवायची गरज नव्हती. जोडलेल्या तुकड्यांत साधंही रेशीम आहे, ते बाजूला, काखेत. पाठीला मुद्दाम हे.

माहीत आहे: शिवणारा हात सेत्सुकोबाईंचाच. तीन टाके, मग एक मागे, परत तीन. गेल्या वर्षी सेत्सुकोबाईंनी माझ्या काळ्या पॅन्टची उंची कमी करून दिली होती. मी न मागता. दोरीवर वाळत असताना त्यांनी पाहिली आणि बोटाने खुणावलं, लांब आहे. आज ती पॅन्ट कपाटातून काढून उलटी केली. तीन टाके, एक मागे. तिरकसपणा तोच.

माहीत नाही: मूल कोणाचं. त्यांचं, की धाकट्या भावंडाचं, की शेजारच्यांचं. तिकडे महायुद्धानंतर कापड मिळत नव्हतं, जुनं विकतही घेत असतील. मुलगा की मुलगी. ते पुढे वाढलं का, आणि नसेल तर काय झालं.

लॅबच्या रिपोर्टमध्ये शेवटी एक ओळ असते: निष्कर्ष फक्त दिलेल्या नमुन्यापुरता.


१४ जुलै, रविवार

दिवसभर ढग. इथला जुलै म्हणजे हिवाळा. हीटरसमोर बसून गळपट्टी बदलली, बाही शिवली. रंगवायच्या आधी शिवायचं नसतं, पांढरी गळपट्टी तर परत उसवावी लागेल, पण हाताला काहीतरी हवं होतं.

चारच्या सुमारास दार वाजलं. नेओमी. तोंडं बघवत नाहीत म्हणणारी. तिला अंत्यविधीसाठी एक फोटो स्कॅन करून हवा होता. मी जुबान पटकन आईच्या शालीखाली ढकललं. तिने पाहिलं असेल. बोलली नाही.

फोटोत सेत्सुकोबाई, तिशीतल्या, कुठल्यातरी गेटपाशी. शेजारी सहासात वर्षांची नेओमी, फ्रॉकमध्ये. फ्रॉक इतका नीट बसलेला की शिंप्याने अंगावरच शिवल्यासारखा.

मी तसं म्हटलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

नेओमी हसली. आठवड्यात पहिल्यांदा. "दरवर्षी नवा. दरवर्षी अगदी मापाचा. शाळेत बाकीच्या मुलींच्या फ्रॉकला खाली जास्तीचं कापड असायचं, उंची वाढली की सोडायचं. आमच्याकडे नाही. डॅड चिडायचा. अख्ख्या गल्लीचे कपडे तू शिवतेस, पोरीच्या फ्रॉकला दोन इंच ठेवायला काय होतं तुला? मम म्हणायची, नो. बस. पुढे काही नाही. लोकांच्या मुलांना ठेवायची, हां. मला नाही."

मी स्कॅनरचं झाकण लावलं.

"मला वाटायचं तिला मी मोठी झालेली नको आहे," नेओमी म्हणाली. "आय मीन, लहानपणी वाटायचं. सिली."

आई आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती. इंग्लिश तिला अर्धं कळतं. हे पूर्ण कळलं.

सांगायचं तर तेव्हाच होतं. शाल हातभर अंतरावर होती. मी म्हणाले, "फोटो छान आहे. ईमेल करते."

"चीअर्स, शार." गेली.

आई: "चहा तरी विचारायचास."


१५ जुलै, सोमवार

रजा टाकली. पातेलं, व्हिनेगर, थर्मामीटर, लॅबमधून आणलेलं लाल. शिवणीच्या आतल्या पट्टीवर आधी करून पाहिलं. चांगलं बसलं. मूळ धाग्याशेजारी धरलं तर मलाच फरक कळेल, दुसऱ्याला नाही. पट्टीवरचं अर्धं भिरभिरं पाहतापाहता गेलं.

मग पाणी तापवायला ठेवलं आणि तसंच थंड होऊ दिलं.

आई कणीक मळत होती. "का थांबलीस?"

"नेओमीला विचारल्याशिवाय नको."

"तिने सांगितलंय ना, लाल कर. सेतूताईंनी सांगितलंय. आणखी काय विचारायचं?"

"तिला माहीत नाही काय झाकलं जातंय."

"त्यांनी एकदा झाकलं. आयुष्यभर कुणाला दाखवलं नाही, नवऱ्याला नाही, पोरीला नाही. ते आपल्या हातून उघडं पडलं. माझ्या हातून. ते परत झाकायचं की गावाला दाखवायचं?"

"गावाला नाही. मुलीला."

"तुला कळलं म्हणून तिला कळलंच पाहिजे?"

मी म्हटलं, "ती साठ वर्षं समजतेय की आईला ती मोठी व्हायला नको होती."

आईने कणकेचा गोळा तसाच ठेवला. "मग हे कळल्यावर बरं वाटेल तिला? शुक्रवारी आईला निरोप द्यायचा, आणि मंगळवारी हे? आणि तुझं चुकलं असेल तर? कुणाची कोण पोर ते तुला तरी कुठे ठाऊक आहे?"

नाही ठाऊक. तेच लिहून ठेवलं आहे वर.

"विचारून बघते फक्त. पाहायचं की नाही ते ती ठरवेल."

"अगं शरू, विचारलंस की सांगितलंसच." हात धुतले. मग पाठमोरी, हळू: "मी नसतं भिजवलं तर बरं झालं असतं. नीट गेल्या असत्या, घेऊन."

मी म्हटलं नाही की ठीक आहे. ठीक नाही. पण पोळ्या तिच्या शेजारी उभं राहून भाजल्या.

आईचं अर्धं बरोबर आहे. विचारणं म्हणजे सांगण्याची सुरुवात. पण न विचारता रंगवलं तर ते मी ठरवलेलं असेल. भाड्याने राहणारी, एका आठवड्यापूर्वी पिशवी हातात आलेली मी. सेत्सुकोबाईंचं लाल त्यांचं होतं. माझं लाल तेच काम करेल असं नाही.

शुक्रवारनंतर काही पाहता येणार नाही. म्हणून थांबूनही चालणार नाही.

मेसेज इंग्लिशमध्ये लिहिला. पहिल्या मसुद्यात "मूल" शब्द होता, काढला. दुसऱ्यात दुमडीबद्दल होतं, तेही काढलं. पाठवलेला असा, मराठीत:

नेओमी, जुबान अजून रंगवलेलं नाही. शिवून झालं आहे. लाल चांगलं जुळलं आहे. बुधवारी रंगवलं तर गुरुवारी सकाळी वाळलेलं तुझ्या हातात देईन. त्याआधी एक विचारायचं आहे. रंग गेल्यामुळे पाठीच्या भागात, आतल्या बाजूला, एक जुनी नक्षी दिसते आहे. ती तुझ्या आईनेच लालाखाली घातली असावी असं मला शिवणीवरून वाटतं. बाकी मला नक्की काही माहीत नाही. पुन्हा रंगवलं की ती दिसणार नाही. तुला ती आधी पाहायची असेल तर ये. तू एकटी पाहा, आम्ही बाहेर बसू. पाहायची नसेल तर फक्त "रेड" असं लिही. मी रंगवेन आणि यावर पुन्हा कधीही बोलणार नाही. पाहून झाल्यावर न रंगवता तसंच द्यायचं असेल तर तेही करता येईल. वरून राखाडीच असेल, कुणाला कळणार नाही. यातलं काहीही निवडलंस तरी चालेल, पण मी परस्पर ठरवू शकत नाही. कृपया उद्या, मंगळवार १६ जुलै, संध्याकाळपर्यंत उत्तर दे. शर्वरी.